एका सहीची गोष्ट

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, 'भूमिका घेणं' या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो. कवीनं भूमिका घेतली पाहिजे, असं मी आजवर अनेक व्यासपीठांवरून बोललो आहे. त्याला टाळ्याही मिळतात. पण घरी येऊन कागद पुढ्यात घेतला आणि सगळ्यांत आधी आठवली ती एक सही. पस्तीसहून जास्त वर्षांपूर्वी केलेली, माझी स्वतःची. ती टाळून पुढचं काही सांगितलं तर ते खोटं होईल, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आमचं गाव कृष्णाकाठचं, तालुक्याचं. एसटी स्टँडसमोर अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. घरात दखनी, बाहेर मराठी. शाळा मराठी, कविता मराठी. ('तुमचं मराठी किती छान आहे हो,' असं मला आजही कुणीतरी कौतुकानं म्हणतं. मी 'आभारी आहे' म्हणतो. दुसरं काय म्हणणार?) १९८५ साली मी बीएच्या पहिल्या वर्षाला होतो. त्या वर्षी पावसाळ्यात माझी मोठी बहीण, आमची आपा, एक पत्र्याची ट्रंक आणि कडेवर दीड वर्षाची मुलगी घेऊन माहेरी आली. चार दिवस राहायला आली असेल असं आम्हाला वाटलं. पंधरा दिवसांनी रजिस्टर पोस्टानं पाकीट आलं. पोस्टमननं अब्बांची सही घेतली. आत काय आहे हे दुकानातल्या दोन्ही कारागिरांना पाकीट फोडायच्या आधीच कळलं होतं.

अब्बा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आपा दुकानामागच्या खोलीत बसून काजं करायला, बटणं लावायला लागली. शर्टामागं आठ आणे. पोरगी पायाशी चिंध्यांमध्ये खेळायची.

आता त्याच वर्षी देशात काय चाललं होतं, ते तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. इंदूरच्या शहाबानो नावाच्या बाई. १९३२ साली लग्न झालेलं, पाच मुलं, नवरा वकील. १९७५ साली नवऱ्यानं घराबाहेर काढलं. १९७८ साली, वयाच्या ६२ व्या वर्षी, त्या पोटगीसाठी कोर्टात गेल्या, तेव्हा नवऱ्यानं तलाक दिला आणि आता आपली जबाबदारी संपली असं सांगितलं. खालच्या कोर्टानं महिना २५ रुपये पोटगी ठरवली. हायकोर्टानं ती १७९ रुपये २० पैसे केली. त्याविरुद्ध नवरा सुप्रीम कोर्टात गेला आणि २३ एप्रिल १९८५ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं त्याचं अपील फेटाळलं. सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड. म्हणजे सगळा देश ढवळून काढणारं ते प्रकरण महिना १७९ रुपये २० पैशांचं होतं.

हे सगळं मी कॉलेजच्या वाचनालयात वाचलं होतं. मला आकडे पाठ होते. आपण फौजदारी कायद्याच्या कलम १२५ खाली अर्ज करू शकतो, असं मी एका रात्री अब्बांना सांगितलंही. अब्बा मशीनला तेल घालत होते. म्हणाले, "रहना इधरिच है ना अपने को?" विषय संपला.

त्यांची भीती मला आज जास्त कळते. भिवंडीच्या दंगलीला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. आमच्या गावात काही झालं नव्हतं, पण लोक धास्तावलेले होते. अशा वेळी कोर्टाचा निकाल म्हणजे आपल्या धर्मावर घाला, असं सांगणारे लोक गावोगाव आले. धास्तावलेली माणसं एकमेकांना चिकटून उभी राहतात आणि मध्ये कोण चेंगरतंय हे बघायला कुणाला सवड नसते.

एका शुक्रवारी नमाज झाल्यावर मशिदीच्या दाराशी टेबल मांडलं होतं. निकालाच्या विरोधात सह्यांचा कागद होता. मोहल्ल्यातले एक बुजुर्ग, ज्यांनी मला लहानपणी पाण्यात पोहायला शिकवलं होतं, ते म्हणाले, "आ रे, तू कॉलेजवाला. तेरा नाम अच्छा लिख." कुणी दटावलं नाही, कुणी हात धरला नाही. लोक मागं उभे होते, ऊन होतं, रांग पुढं सरकत होती. मी पेन घेतलं आणि माझ्या चांगल्या, वळणदार मराठी अक्षरात नाव लिहून सही केली.

संध्याकाळी आपानं विचारलं, "तू बी सही किया क्या रे?"

मी हो म्हणालो. तिनं सुईत दोरा ओवला आणि पुढचं काज घेतलं. त्यावर आमच्यात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. म्हणजे फार वर्षं झालं नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीला शहाबानोंनी स्वतःच तो निकाल आपल्याला नको असं जाहीर केलं. निवेदनावर त्यांनी अंगठा उमटवला होता. त्या बाईंना 'शेवटी डगमगल्या' असं म्हणणारे विद्वान मी ऐकले आहेत. सत्तरीकडे झुकलेल्या त्या बाईंभोवती किती माणसांचा गराडा असेल, याची कल्पना करा. माझ्याभोवती एक टेबल होतं आणि थोडं ऊन. १९८६ साली संसदेनं नवा कायदा केला आणि तलाक झालेल्या मुसलमान बाईचा कलम १२५ चा रस्ता जवळजवळ बंद झाला. माझ्या सहीचा त्यात वाटा किती? काहीच नसेल. पण आपाच्या बाजूनं हिशेब केला तर तो पुरा होता.

हमीद दलवाई हे नाव तोवर मी फक्त शिवी म्हणून ऐकलं होतं. कुणी जास्त प्रश्न विचारायला लागला की 'दलवाई होऊ नको' असं म्हणत. पुढं नोकरीला लागल्यावर, नव्वदच्या सुमारास, नगर वाचनालयात त्यांची 'इंधन' कादंबरी हाती आली. मराठी साहित्याचा वाचक म्हणून मी ती उघडली आणि त्या गावातली माणसं मला ओळखीची निघाली. मग त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस, राष्ट्र सेवा दलात वाढलेला, अत्र्यांच्या 'मराठा'त पत्रकारी केलेला. १९७० साली त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. ३ मे १९७७ ला, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी, मूत्रपिंडाच्या आजारानं गेले. मी नमाज पढणारा माणूस आहे, त्यांची सगळी मतं मला पटत नाहीत. आपल्यावर कुठलेही धार्मिक विधी करू नयेत असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. ते माझ्याच्यानं होणार नाही.

पण एका गोष्टीनं मला अनेक रात्री झोप येऊ दिली नाही. १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत विधिमंडळावर एक मोर्चा गेला. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, या मागण्यांचं निवेदन मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना द्यायला. त्या मोर्चात बायका होत्या सात. मोजून सात. त्यात दलवाईंच्या पत्नी मेहरुन्निसा होत्या आणि त्यांची बहीण होती. मुंबईच्या रस्त्यावर सात बायका म्हणजे काय? बसच्या रांगेतसुद्धा त्याहून जास्त माणसं असतात. येणारे-जाणारे हसले असतील. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, आणि माझी आपा चार वर्षांची होती. तिच्यासाठी कुणीतरी तेव्हाच रस्त्यावर उतरलं होतं, आणि ते बायकांच्या घरातलंच कुणी होतं.

मला वाटायचं, दलवाईंची बहीण मोर्चात चालत होती आणि माझी बहीण मागच्या खोलीत काजं करत होती, एवढाच काय तो दोघा भावांतला फरक.

आता दुसरी सही. खरं म्हणजे न केलेली.

२००३ साल. मी एका पतसंस्थेत कारकून होतो आणि संध्याकाळी दोन-तीन ठिकाणी हिशेब लिहायचो. त्यातलं एक ठिकाण म्हणजे आमच्या सख्ख्या चाचांची बेकरी. ती माझा चुलत भाऊ चालवायचा. मोहल्ल्यातला लिहिता हात मीच. लग्नपत्रिकेचा मजकूर, रेशनकार्डाचा अर्ज, शाळेच्या दाखल्यात नाव दुरुस्त करायचा अर्ज, सगळं माझ्याकडे. एका रात्री चाचा आणि चुलत भाऊ घरी आले. कोरा स्टँपपेपर बरोबर होता. भावाला दुसरं लग्न करायचं होतं आणि पहिलीला, आमच्या भाभीला, मोकळं करायचं होतं. तलाकनामा लिहायचा आणि खाली साक्षीदार म्हणून सही करायची. चाचा म्हणाले, "तेरा अक्षर अच्छा है."

अठरा वर्षांपूर्वीचं ते टेबल माझ्यासमोर आलं, असं मी म्हणणार नाही. तसं कवितेत होतं. त्या क्षणी मला फक्त घाम फुटला. आतल्या खोलीच्या दारात आपा उभी होती. मी म्हणालो, "चाचा, ये मेरे से नहीं होता."

त्यांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी विचारलं, "तू हमारा है के उनका?" उनका म्हणजे कुणाचा, हे मी विचारलं नाही. चहा तसाच राहिला.

माझ्या नकारानं काही थांबलं नाही, हेही सांगायला हवं. तलाकनामा दुसऱ्या कुणीतरी लिहिला, साक्षीदार मिळाले, आणि महिन्याभरात भाभी दोन मुलांना घेऊन माहेरी गेली. मग मात्र एक दिवस भाभीचा भाऊ मला पतसंस्थेत भेटायला आला. शहाबानोंचे वकील दानियल लतिफी यांनी १९८६ च्या कायद्यालाच आव्हान दिलं होतं आणि २८ सप्टेंबर २००१ ला सुप्रीम कोर्टानं त्याचा निकाल देताना त्या कायद्याचा अर्थ असा लावला होता की, नवऱ्यानं इद्दतीच्या मुदतीतच बाईच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद केली पाहिजे. तीन महिन्यांचा खर्च फेकून सुटता येणार नाही. भाभीनं तसा अर्ज केला होता. पण माझ्या चुलत भावानं कोर्टात सांगितलं होतं की बेकरी वडिलांची आहे, मी तिथं पगारी नोकर आहे.

बेकरीचं खरं उत्पन्न किती, आणि गल्ला रोज कोण नेतो, हे घरच्यांखेरीज एकाच माणसाला माहीत होतं.

श्रोतेहो, इथं मला सरळ काही वाटलं नाही. सही न करणं वेगळं. ती एका रात्रीची गोष्ट होती. पण ज्यांच्या ओट्यावर बसून, ज्यांची गरम नानकटाई खात मी त्या वह्या लिहिल्या, त्यांच्याविरुद्ध उभं राहून त्या वह्यांतलं सांगायचं? हिशेबनिसानं मालकाचं गुपित बाहेर सांगू नये, हेही मी मानतच होतो. तत्त्व एकच असतं तर माणूस सुखी झाला असता. दोन तत्त्वं समोरासमोर येतात आणि दोन्ही आपल्याच घरातली असतात. मी आठ दिवस घेतले. शेवटी मनाशी एवढंच ठरवलं की समन्स आलं तर जायचं आणि विचारतील तेवढं खरं सांगायचं. समन्स आलं.

त्या सकाळी माझ्या सदऱ्याचं एक बटण तुटलेलं आपाला दिसलं. "अंगावर नहीं टाँकते, निकाल," म्हणाली. तिनं बटण लावलं, दोरा दातानं तोडला आणि सदरा परत दिला. अब्बा खाटेवर बसले होते. त्यांची नजर अधू झाली होती, दुकान बंद करून तीन वर्षं झाली होती. ते म्हणाले, "झूट बोलू नको. और जास्ती बी बोलू नको." अब्बा फार गंभीर झाले की मराठीत शिरायचे.

साक्ष वीस मिनिटांची झाली. चुलत भाऊ समोर बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

पुढचं लवकर सांगतो. चाचांचं घर तुटलं. ईदला आमच्याकडून शीरखुर्म्याचा डबा गेला तो तसाच परत आला. मशिदीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. म्हणजे कुणी काही बोलत नसे, पण सफ लावताना आपोआप तसं होई. पतसंस्थेतल्या मोहल्ल्यातल्या चार ठेवीदारांनी ठेवी काढून घेतल्या, आणि संचालकांनी मला 'घरातले वाद बाहेर ठेवा' असं सुनावलं. माझ्या मुलीसाठी आलेलं एक चांगलं स्थळ परत गेलं. तिनं तर काहीच केलं नव्हतं. किंमत मी मोजली असं लोक म्हणतात, तेव्हा मला तिचा चेहरा आठवतो.

आणि मग सत्कार झाला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका मंडळानं मला निर्भीड साक्षीबद्दल शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं. मला बरं वाटलं, नाही म्हणत नाही. इतक्या महिन्यांनी कुणीतरी हसून बोलत होतं. पण माझ्या आधीच्या वक्त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि माझ्या लक्षात आलं की मला कशासाठी बोलावलंय. 'ही माणसं', 'यांच्यात', 'यांचा धर्मच', असं चाललं होतं. 'यांचा' म्हणजे माझ्या अब्बांचा. ज्यांच्या दुकानात गावातल्या निम्म्या नवरदेवांचे कोट शिवले गेले, त्या माणसाचा. सभागृह टाळ्या वाजवत होतं. माझी पाळी आली तेव्हा मी तयार केलेलं भाषण खिशातच ठेवलं. म्हणालो, माझ्या घरातल्या एका मुलीवर अन्याय झाला म्हणून मी कोर्टात गेलो. तुमच्या घरातल्या टाकलेल्या मुलींसाठी तुमच्यापैकी किती जण कोर्टात गेले? भावाविरुद्ध, चुलत्याविरुद्ध? मला हात वर करून सांगा. एकही हात वर आला नाही. मी अंगावरची शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि शेवटच्या एसटीनं घरी आलो. नंतर कळलं, मी 'शेवटी त्यांचाच' निघालो अशी चर्चा झाली.

दलवाईंचं वाचताना हेही सापडलं होतं. ते हिंदू जातीयवादावरही तितक्याच कडक शब्दांत लिहीत. तेवढं वगळून उरलेले दलवाई वापरणारे लोक तेव्हाही होते, आजही आहेत.

२००६ साली अब्बा गेले. जनाज्याला कोण येईल, खांद्याला माणसं पुरतील का, ही काळजी मला त्यांच्या आजारपणातच लागली होती. लाज वाटते सांगायला, पण होती. जनाजा उचलायच्या वेळी गल्लीच्या तोंडाशी चाचा दिसले. काठी टेकत आले, पुढच्या खांद्याला लागले, कबरस्तानापर्यंत कुणाला बदली दिली नाही. मूठमाती दिली. भाऊ होता त्यांचा. जाताना माझ्यासमोरून गेले, पण माझ्याशी बोलले नाहीत. ते पुढं आणखी चार वर्षं होते, तेव्हाही बोलले नाहीत. पण त्या दिवशी खांदा दिला, हे मी विसरलो नाही.

भाभीला २००७ साली एकरकमी पैसे मिळाले. तिनं तालुक्याच्या गावात डबे द्यायचा धंदा सुरू केला. बरा चाललाय.

मोठ्या जगातही गोष्टी पुढं सरकल्या. उत्तराखंडमधल्या काशीपूरच्या शायराबानोंना २०१५ साली तलाक आला तोही पोस्टानंच. त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. २२ ऑगस्ट २०१७ ला कोर्टानं तीन विरुद्ध दोन अशा बहुमतानं एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला. मेहरुन्निसा दलवाई त्याच वर्षी जूनमध्ये गेल्या. एकावन्न वर्षं वाट बघून अडीच महिन्यांनी चुकामूक झाली. २०१९ च्या कायद्यानं नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदही ठेवली. मला ती तुरुंगाची तरतूद अजून नीट पचलेली नाही. तुरुंगातला नवरा पोटगी कुठून देणार, हा साधा कारकुनी प्रश्न मला पडतो. आणि १० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की तलाक झालेल्या मुसलमान बाईलाही कलम १२५ खाली पोटगी मागता येते. म्हणजे १९८५ साली वाचनालयात जो रस्ता मी वाचला होता, तोच.

दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्र घेऊन आपाकडे गेलो. ती तिच्या मुलीजवळ राहते, ब्लाउज शिवते. बासष्ट वर्षांची झालीय. शहाबानो कोर्टात गेल्या तेव्हा तेवढ्याच वयाच्या होत्या, हे माझ्या मनात आलं, पण बोललो नाही. बातमी मी मोठ्यानं वाचून दाखवली. तिनं चष्मा पुसला, पेपर हातात घेतला आणि स्वतः पुन्हा वाचली. मराठी ती सावकाश वाचते.

मग म्हणाली, "उस टाइम का वो सह्यांका कागद, किधर होगा रे अब?"

मी म्हणालो, "आपा, मी..."

"अठरा साल का था तू," ती म्हणाली. "चाय रखूँ?"

चहा झाला. मी निघालो तेव्हा ती मापं कापायला बसली होती. ब्लाउजचं माप ती नेहमी वर्तमानपत्रावरच कापते. त्या दिवशीच्या पेपरची पानं तिनं एकेक करून जमिनीवर पसरली, आणि पहिलं पान तेवढं घडी घालून ट्रंकेत ठेवलं. ट्रंक तीच, पत्र्याची.